नागपुरी दरवाज्यापुढचा खड्डा

सोमवार, ता. ४ जानेवारी १८६४. अमरावती.

रोजनिशी तीन दिवस उशिरा सुरू. कारण शाई. या गावात शाई मागितली तर दुकानदार कापसाचा भाव सांगतो.

संकल्प : पहाटे पाचला उठणे, रोज दहा इंग्रजी शब्द, आणि चिडायचे नाही.

साहेबांनी आज बोलावून सांगितले, नागपुरी दरवाज्यापुढच्या मोरीचे काम नीट झाले तर माझी हंगामी ओव्हरसियरी कायम करू. इन्स्पेक्शन ता. २५ला. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी न्यायची दगडी वाट, आणि रस्ता तोच, ज्यावरून कापसाच्या गाड्या बाजारात जातात. निम्मा रस्ता खणून झाला आहे. खड्डा पुरुषभराहून खोल, चांगला ऐसपैस.

सासऱ्यांची अट : नोकरी कायम झाल्याचा कागद पुण्याला पोचेपर्यंत सुभद्रेला वऱ्हाडात धाडणार नाही. लग्नाला तीन वर्षे झाली. त्यात एकत्र राहिलो पाच महिने. तिला पत्र टाकले : फेब्रुवारीत निघायचे, सामान बांधून ठेव.

आज आठला उठलो. उद्यापासून पाच.

गुरुवार, ता. ७

गवंडी पळाला. कोणा शेटजीला कापसात घबाड मिळाले आहे, तो तिमजली घर बांधतो, सगळे गवंडी तिकडे. मजूर कापसाच्या वेचणीला. सरकारचा खड्डा तसाच आ वासून.

काठावर उभा राहून आत पाहिले. उसाची चिपाडे, पानाच्या पिचकाऱ्या, एक मेलेले कुत्रे. शिसारी आली. मी, ओव्हरसियर, समोर उभा असताना एक गाडीवान आत थुंकला आणि वर रामराम केला. वरणातही कापसाचे तंतू निघतात. काय हा मुलूख!

साहेबांची लेखी ऑर्डर आली : "खड्डा उघडा ठेवू नये. माणसाजनावरांस इजा होऊ नये." पहिले वाक्य महत्त्वाचे. दुसरे आपले पत्र भरल्यासारखे दिसावे म्हणून असते.

शनिवार, ता. ९

परतवाड्याहून सागवानी फळ्या मागवून काल खड्ड्यावर टाकल्या होत्या. आज सकाळी दोनच शिल्लक. बाकीच्या चालत्या गाड्यांवर, कापसाच्या गासड्यांखाली दिसल्या. मुनव्वर नावाच्या गाडीवानाला पकडले. म्हणतो, "फळ्या रस्त्यात पडून होत्या साहब, मले वाटलं सरकार वाटून राह्यली." चेहऱ्यावर लाज नाही. त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीची कडी, आणि चोरतो फळ्या!

जेवून परत आलो तो त्या दोनही गेल्या.

मंगळवार, ता. १२. संक्रांत.

आजचा संताप वेगळाच. खड्ड्याभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण! वर बांबूला लाल चिंधी. ही पार्बताबाईची करामत. खड्ड्यासमोर तिचे भाकरी-बेसनाचे दुकान आहे. नवरा वारला. सासरा नत्थुजी दोन्ही डोळ्यांनी अधू; पण बोटांत चिमूटभर रुई धरून तिचा धागा किती लांब निघेल ते असे सांगतो की त्याच्याशिवाय बाजारात सौदा होत नाही. घर त्याच्याच बोटांवर चालते. रोज सकाळी काठी आपटत एकटा याच रस्त्याने जातो.

तिला सांगितले, ही घाण काढ, साहेब येणार आहेत. तर म्हणे, "काट्या दिसाले वंगाळ असन, पन मानूस थांबते ना. मले सासरा एकच हाये."

काट्या उपटून फेकल्या. तळहातात एक काटा मोडला. तिने तिळगूळ हातावर ठेवला. चांगला होता.

शुक्रवार, ता. १५

सुचले! आंघोळ करताना सुचले.

इथल्या झोपड्यांच्या भिंती तुऱ्हाटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या असतात, वर माती लिंपून शेण सारवलेले. भिंत उभी चालते तर आडवी का नाही? तुऱ्हाटीच्या ताट्या खड्ड्यावर आडव्या टाकल्या, वर माती, वर सारवण, वर रस्त्याची धूळ भुरभुरवली. रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो, ते ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. यालाच काम म्हणतात. पुण्यात असे काम झाले असते तर लोक बघायला आले असते.

खात्री म्हणून वर कोंबडी सोडली. पाच मिनिटे हिंडली. रिपोर्ट इंग्रजीत धाडला. "कम्प्लीट" हा आजच्या दहा शब्दांपैकी एक. उरलेले नऊ उद्या.

सोमवार, ता. १८

एक शेळी आत गेली. शेळीचीच चूक, ती उडी मारून आली. ताटी नवी टाकली. सारवण पहिल्याहून सुरेख.

पार्बताबाईने पुन्हा काट्या लावल्या. पुन्हा काढल्या. मुनव्वरचा बैल झाकणापाशी येऊन अडला, चाबूक खाल्ला तरी पाय टाकीना. मुनव्वर म्हणाला, "जनावराले समजून राह्यलं साहब." मी म्हणालो, जनावराला ऑर्डर समजत नाही. लोक हसले. कशाला हसले ते कळले नाही.

गुरुवार, ता. २१. दुपार.

आज हद्द झाली. नत्थुजी काठी आपटत आला, झाकणाशी थांबला, दोनदा ठोकले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा म्हणाला, "इथं पोकळ वाजून राह्यलं, बाप्पा." एवढ्यावर न थांबता काठी टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली. सरकारी झाकणाला भोक! मग वळसा घालून आरामात बाजारात.

जातानाच त्याची काठी काढून घेतली. इन्स्पेक्शन झाल्यावर, सोमवारी परत देईन, असे नीट समजावून सांगितले. म्हातारा म्हणाला, "मंग तवरक मी कशानं पाहू?"

रूल आहे असे सांगितले. म्हाताऱ्याचे ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. कापसाची धूळ डोक्यात गेली असावी.

चिडायचे नाही, हा संकल्प रद्द. वऱ्हाडात तो शक्य नाही.

शनिवार, ता. २३

आता पार्बताबाई स्वतः सासऱ्याचा हात धरून त्याला बाजारात पोचवते. तोवर दुकान बंद. गाडीवान उपाशी, आणि शिव्या मला. यात माझा काय संबंध?

खड्ड्याचा कोपरा मला कळावा म्हणून एक चुन्याचा दगड ठेवला होता. आज तोही उचलला. एवढ्या सपाट रस्त्यावर पांढरा डाग साहेबांच्या डोळ्यांत खुपला असता.

सुभद्रेचे पत्र. तिने दोन ट्रंका भरल्या आहेत. विचारते, तिकडे पायी फिरायला रस्ते बरे आहेत ना? आजच उत्तर टाकले : उत्तम.

सोमवार, ता. २५. संध्याकाळ. डाव्या हाताने.

पाचला उठलो होतो. हे नोंदवून ठेवतो.

साहेब दहाला येणार. साडेनऊला पार्बताबाई सासऱ्याला घेऊन आली. माझ्या मनात आले, साक्षात आंधळा माणूस झाकणावरून चालत गेला, तर साहेबांना आणखी कसला पुरावा हवा? तिच्या हातातून म्हाताऱ्याचा हात घेतला. ती म्हणाली, "नका, रावसाहेब." मी ऐकले नाही. म्हातारा मुकाट्याने आला. त्याचे पाय अनवाणी. एका जागी थांबला आणि म्हणाला, "माती थंडी लागून राह्यली." माझ्या पायांत बूट. मला काहीच लागले नाही. "या हो," म्हणून मी एक पाऊल पुढे टाकले.

म्हाताऱ्याने हात सोडला नाही. काठावर छातीवर पडला, तरी दोन्ही हातांनी माझा हात धरून राहिला, म्हणून मी डोक्यावर न पडता पायांवर पडलो. माझा हात मुरगळला. त्याचेही मनगट पिळवटले. उजवे. ज्याने तो रुई पाहतो ते. आणि वरून तोच विचारतो, "लागलं काय, बाप्पा?"

पार्बताबाईने त्याला ओढून बाजूला बसवले. मला वाटले आता माझी पाळी. तर ही बाई गेली, काट्या घेऊन आली आणि खड्ड्याभोवती लावत बसली. चारी बाजूंनी, सावकाश. लाल चिंधीसुद्धा बांधली. मी ओरडलो, आधी मला काढ! म्हणाली, "आधी काट्या. गर्दी जमून राह्यली, दुसरं कोनी तुमच्या डोक्शावर पडन."

तेवढ्यात साहेबांचा घोडा आला आणि काट्यांपाशी आपोआप थांबला. साहेब खूश. म्हणाले, अखेर एक शहाणपणाचा बंदोबस्त दिसला. हे कुंपण कोणाचे?

मी खालून ओरडलो, "माझे, साहेब."

साहेबांनी वाकून पाहिले. विचारले, कुंपण तुमचे, तर तुम्ही आत कसे?

इंग्रजी शब्दांतला एकच आठवला, तोच सांगितला : कम्प्लीट.

सोमवार, ता. १ फेब्रुवारी.

नोकरी कायम नाही. नवी ऑर्डर : शहरातल्या प्रत्येक खड्ड्याला काट्यांचे कुंपण, काम पार्बताबाईकडे, आणि नागपुरी दरवाज्यापुढचा खड्डा बुजेपर्यंत ओव्हरसियराने दिवसभर स्वतः काठावर उभे राहून लोकांना सावध करावे. गवंडी अजून शेटजीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे.

काठी त्याच दिवशी परत केली. नत्थुजींच्या मनगटाला हळदीचा पट्टा आहे. डाव्या हाताने रुई पाहतात. व्यापारी म्हणतात, फरक नाही. मी काल बाजारात पाहिले; चिमूट धरली की पहिल्यासारखे लगेच बोलत नाहीत, थोडे थांबतात. मला लाज वाटते. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिले.

सुभद्रेला चार पत्रे लिहिली, तीन फाडली. चौथे धाडले : एवढ्यात निघू नकोस. रस्ता खराब आहे.

आज सकाळी उभा होतो. तोंडात धूळ, डोक्यावर ऊन, समोर तो गलिच्छ खड्डा. नत्थुजी ठोकत ठोकत आले. काठी माझ्या बुटाला लागली. विचारले, "कोन हाये?"

मी म्हणालो, मी, केशवराव.

"केशवराव हायेत काय," ते म्हणाले, "म्हंजे खड्डा इथंच हाये." आणि डावीकडून वळून बाजाराकडे गेले.