अरागात्सवर वल्लरीच्या आधी

१९ जुलै २०२२
कँटीनमध्ये वल्लरी सगळ्यांसमोर म्हणाली, रिदा, तू नको गं येऊस, चार हजार मीटर आहे, मध्ये लिफ्ट नाही. टेबल हसलं. सप्टेंबरमध्ये ती ऑफिसच्या ग्रुपला आर्मेनियाला नेणार आहे. अरागात्स, विझलेला ज्वालामुखी. एका दिवसात वर जाऊन खाली. तिचे सह्याद्रीतले बावीस किल्ले झालेत. माझं ग्रॅज्युएशन झालंय, घरात पहिलंच. किल्ले पुष्कळांचे होतात.
ठरलं. त्याच दिवशी मी एकटी चढणार, आधी पोचणार, आणि ती धापा टाकत आली की थर्मासमधला चहा देणार. हा सूड नाही. तिचं शिक्षण आहे.

२० जुलै, पहाटे ५
ट्रेनिंग सुरू. कतार सपाट, म्हणून बिल्डिंगचा जिना. चौथ्या मजल्यावर वॉचमन बशीरने विचारलं, लिफ्ट बंद आहे का. त्याला ज्वालामुखी समजावण्यात वेळ गेला. पाचवा मजला उद्या.

२४ जुलै
ह्युमिडिटी. जिना उद्यापासून.
अब्बांना सांगितलं. म्हणाले, डोंगर चढायला विमान कशाला, श्रीवर्धनला घरामागे आहे की. मग मन्सूरा भागात ते काम करतात त्या ग्रोसरीत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

३ ऑगस्ट
सर्क्युलर! वर्ल्ड कपच्या कामामुळे एका सेक्शनमधून एका वेळी एकालाच रजा. आमच्या सेक्शनमध्ये आम्ही दोघीच. मी लगेच फॉर्म भरला. 'गैरहजेरीत काम कोण पाहणार' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : वल्लरी. संजीव सरांनी सही केली. मी शिखरावर, ती माझ्या खुर्चीत स्टेडियमच्या ड्रॉइंगना नंबर देत. यल्ला, चला!

४ ऑगस्ट
तिची रजा नामंजूर. रडली नाही, हे खटकलं. म्हणाली, मग ग्रुपला तूच ने, तिकिटं काढून झालीत. व्हॉट्सअ‍ॅपवर मला अ‍ॅडमिन केलं आणि बाहेर पडली. मी लीडर. न्याय उशिरा मिळतो, पण मिळतो.

१० ऑगस्ट
लीडरला फार प्रश्न विचारतात. देवव्रत म्हणाला, दुपारनंतर वर विजा पडतात, तर किती वाजता मागे फिरायचं? गार्गीला दमा आहे. येऊ का, म्हणाली. मी म्हटलं, इन्शाल्ला. ती म्हणाली, म्हणजे हो की नाही?
वल्लरीला विचारलं, केवळ तिची परीक्षा म्हणून. तिने अर्धा तास सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं. चुका सापडल्या नाहीत, अजून.

१९ ऑगस्ट
समैस्माच्या किनाऱ्यावर पहाटे ग्रुपचा सराव. वाळूत तीन किलोमीटर. मी सर्वांत मागे, लीडरने मागेच राहायचं असतं. दुसऱ्या किलोमीटरला गार्गी परत आली. म्हणाली, बॅग दे तुझी. दमा असलेली गार्गी.
ही पोरगी वर माझ्या भरवशावर येणार.

२१ ऑगस्ट
संजीव सरांकडे जाऊन माझा रजेचा फॉर्म मागे घेतला. कारण : कामाचा भार. वल्लरीचा फॉर्म पास. तिच्या फॉर्मवर 'काम कोण पाहणार' या रकान्यात माझं नाव मीच लिहिलं, तिला तेवढंही समाधान नको. खलास.

८ सप्टेंबर, संध्याकाळी ७
फोटो आला. सगळे शिखरावर, गार्गीसुद्धा. वल्लरीच्या हातात कागद : 'रिदामुळे आलो. थँक यू.' इतका निर्दय सूड मला सुचलाही नसता. उत्तरात दोन हार्ट पाठवले. दुसरं काय पाठवणार?
अब्बांनी तो फोटो ग्रोसरीत सगळ्यांना दाखवला. कुणीतरी विचारलं, शफीकभाई, यात रिदा कुठंय? अब्बा म्हणाले, फोटो तिनेच काढलाय.
मी तेव्हापासून आत, कांद्याच्या पोत्यांमागे उभी आहे. अजून गिऱ्हाइकं आहेत, बाहेर कशी येणार?