म्हाताऱ्यावर हक्क कोणाचा?

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? आणि तो पांढऱ्या केसांचा निवडुंग, आपला म्हातारा, बरा आहे ना? दोघांची काळजी वाटते. आधी गुडघ्याची.

तू मला आणि धाकट्याला निवडुंगाच्या वीस-वीस बिया आणि एकसारखे झाकणाचे पारदर्शक डबे दिलेस, आणि म्हणालीस, ज्याची रोपं जगतील त्याच्या घरी म्हातारा जाईल. मी त्याच दिवशी म्हाताऱ्याची जागा पुसून ठेवली. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, सगळा जन्म बारीक वस्तूंत गेलेला. धाकटा बस चालवतो, त्याला मोठ्या वस्तूंची सवय. मी माती चाळली, कढईत भाजली (तुझी भाचेसून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही) आणि एकेक बी चिमट्याने मोजून अंतरावर ठेवलं. धाकट्याने मीठ भुरभुरावं तशा बिया टाकल्या, झाकण लावलं, डबा खिडकीत ठेवला आणि कामावर निघून गेला.

झाकण उघडायचं नाही असं तू बजावलं होतंस, मान्य. पण उघडल्याशिवाय नीट कळणार कसं? मी फक्त बघण्यापुरतं उघडत होतो. सकाळी, जेवायच्या सुट्टीत आणि दुकान बंद केल्यावर. (पाहुण्यांना दाखवायला उघडलं ते वेगळं.) तिसऱ्या आठवड्यात माझ्या डब्यात पांढरी लव दिसली. म्हाताऱ्याचेच केस, वळणावर गेलंय, असं मी घरभर सांगत सुटलो. ती बुरशी होती.

आणि आमच्या समोरच असलेल्या त्याच्या खिडकीत हिरवे ठिपके. एकोणीस. भिंग घेऊन, त्याच्या घरी जाऊन मोजले. आत्या, खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. काय करतोस रे, असं विचारलं तर म्हणाला, डब्याची आठवणच राहिली नव्हती. लहानपणापासून हे असंच. मी शिकवणी लावून पोहायला शिकलो. हा पाण्यात पडला आणि पोहायला लागला.

पण मेहनत वाया जात नाही. तू रोपं बघायला येणार असं कळवलंस, त्याच दुपारी चमत्कार झाला. धाकटा कामावर होता, त्याच्या घराची किल्ली नेहमीप्रमाणे आमच्याकडे होती, आणि संध्याकाळी पाहतो तर माझ्या नावाच्या डब्यात एकोणीस हिरवीगार रोपं, त्याच्या डब्यात बुरशी. निसर्गापुढे आपण काय बोलणार! धाकट्याने दोन्ही डबे पाहिले आणि चिडायचं सोडून म्हणाला, "दादा, तुझा हातच वेगळा." मग सगळ्या मजल्याला बोलावून माझी रोपं दाखवली. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला त्या दिवशी जेवण तरी गेलं असतं.

तरी ठरल्याप्रमाणे म्हातारा माझ्याकडे पाठवावा, ही विनंती.

तुझा थोरला भाचा

ता. क. : येणारच असशील तर लवकर ये. एकोणीसपैकी अकरा उरली आहेत. (मी फक्त बघण्यापुरतं उघडतो.)

ता. क. २ : म्हातारा धाकट्याला दे. रोपं त्याचीच होती. डबे आणि नावाच्या चिठ्ठ्या मी बदलल्या. फक्त म्हाताऱ्याला खिडकीत ठेवायला सांग, मला इथून दिसेल असा. आणि मी काय केलं ते त्याला कळू देऊ नकोस.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार एवढ्यात धाकटा आला. उरलेल्या रोपांकडे (आता आठ) बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, महिनाभर डबा माझ्याकडे दे. मला त्याची ओळख आहे." झाकण घट्ट लावून घेऊन गेला. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डबा आता त्याच्या खिडकीत आहे आणि माझ्या नावाची चिठ्ठी त्याने काढलेली नाही. आत्या, मला हे जमलं नसतं, आणि आता त्यावरूनच जळतोय.