विणीतला निळा

बाबा, आज नववीच्या वर्गात मी मोराचं पीस कुटलं. दरवर्षी कुटते. पिसाचा चमकता डोळा कात्रीनं बारीक करून खलबत्त्यात टाकायचा, चांगला घोटायचा आणि पांढऱ्या कागदावर ओतायचा. कागदावर पडते ती तपकिरीसारखी भुकटी. निळं काही नाही, हिरवंही नाही. पोरं तोंडाचा आ करून बघत राहतात आणि मी मोठी जादूगारीण असल्यासारखी हात झटकते. हा प्रयोग कोणाचा, हे मी आजवर एकाही वर्गाला सांगितलेलं नाही.

डोणगावच्या बाजारातलं आपलं कपडे रंगवून द्यायचं दुकान तुम्ही गेल्यावर वर्षभरात बंद झालं. भट्टीवर पातेलं, त्यात फिरणारी तुमची काठी, आणि तुमची नखं, जी सणासुदीलाही कधी एका रंगाची नसायची. कॉलेजात गेल्यावर मला त्या नखांची लाज वाटायची, हेही एकदा लिहून टाकते. आमसुली म्हणा, डाळिंबी म्हणा, तुम्ही रंगवलेलं ब्लाउजपीस साडीवर टाकलं की ते निराळ्या थानातलं आहे हे ओळखू यायचं नाही. तुमच्या मोरपंखीसाठी तर बायका गावोगावाहून यायच्या. आणि मी आठवीत जानेफळच्या मावशीच्या शेतात गळून पडलेलं पीस घेऊन आले, तुमच्या मोरपंखी चिंधीशेजारी धरलं आणि म्हणाले, गॅदरिंगला ओढणी हवी तर अशीच.

दुसरा कोणी असता तर त्यानं मला पिटाळून लावलं असतं. तुम्ही पंधरा दिवस त्या पिसाच्या मागे लागलात. चिंध्या रंगवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या, कारण ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये हा तुमचा नियम. वाळली की पीस शेजारी धरायचं. पीस फिरवलं की निळ्याचं हिरवं होतं, हिरव्याचं सोनेरी. चिंधी कितीही फिरवा, ती आपली आहे तशीच. आई म्हणायची, पोरीच्या नादी लागून माणूस खुळा झाला. मला मात्र गंमत वाटत होती. माझ्यासाठी कोणी इतकं झटतंय, याचा माज होता मला.

मग तो दिवस. लग्नघरच्या तीन बायका बाकावर बसल्या आहेत, मांडीवर रंगवायच्या कपड्यांचं गाठोडं. मी शाळेतून येते तर तुम्ही लहान मुलासारखे खूष. मला जवळ बोलावता आणि आईच्या खलबत्त्यातली ती भुकटी दाखवता.

"हे पाय बाई. उकळलं त पाण्याले रंग सुटला नाही. कुटलं त तपकीर झाली. याच्यात निळा रंगच नाही. हा पुडीतला रंग नाही, विणीतला हाये. धूपछावच्या लुगड्यावानी, उभा धागा एका रंगाचा अन् आडवा दुसऱ्या."

"जमत नाही त तसं सांगा ना," मी म्हणाले. "पिसाले काऊन दोष देता?"

एक बाई पदराआड हसली. दुसरी म्हणाली, मोरपंखी तेवढी मेहकरच्या रंगाऱ्याकडेच टाकू. तुम्ही भुकटी कागदात बांधलीत आणि त्यांच्या बाकीच्या कपड्यांचे नमुने घेतलेत. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या नमुन्यांच्या पाटीवर मोरपंखीची चिंधी नव्हती, नुसते दोन खिळे होते. त्या वर्षी मी गॅदरिंगला गुलाबी ओढणी घेतली आणि तोंड फुगवून नाचले.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी मोराच्या पिसाचा फोटो दाखवला, हजारो पटींनी मोठा केलेला. त्यात निळा रंग नव्हता, बाबा. होतं ते आपल्या केसांत असतं तसलं काळपट द्रव्य. त्याच्या इवल्या कांड्या, एका मापानं, ओळीनं लावलेल्या. ओळींमधलं अंतर ठरवतं कोणता प्रकाश परतताना बळकट होऊन डोळ्यांत शिरणार. अंतर थोडं बदललं की निळ्याच्या जागी हिरवा. आपण हललो की रंग हलतो. मांडणी मोडली की रंग गेला, उरते तपकीर. सर समजावत होते आणि माझ्या कानात तुमचा आवाज. विणीतला हाये.

त्या शनिवारी मी घरी आले ते सांगायचं ठरवूनच. आतल्या खोलीत जेवत होते. बाहेर कोणी बाई मोरपंखी मागत होती, आणि तुम्ही म्हणालात, "ते माह्या हातून होत नाही बाई." साध्या आवाजात, रोजचं असल्यासारखं. आपल्यामध्ये एक पडदा होता फक्त. मी घास गिळला आणि बसून राहिले. सांगायचं तर त्या बायकांसमोरचा तो दिवस उकरून काढावा लागला असता, आणि बापाची माफी मागायची मला सवय नव्हती. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. असे चार वर्षांचे शनिवार गेले. तुम्ही गेलात ते, ज्या रंगासाठी बायका गावोगावाहून यायच्या तो आपल्याला जमत नाही, असं समजून. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला तसंच जाऊ दिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी माझी हिंमत झाली असती याची खात्री नाही. आज वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, पीस कुटून पाहायचं पहिल्यांदा कोणाले सुचलं? मला एवढंच म्हणायचं होतं, माझ्या वडिलांना. मी म्हणाले, पुस्तकात दिलं आहे. तिनं प्रयोगवहीत तसं लिहिलं. आत्ता वह्या तपासताना तिची वही हाती आली, आणि मी त्या ओळीपुढे लाल पेनानं बरोबरची खूण केली.