चौक्यात जोडे

भासरे नत्थुजीले,

मनकर्णेचा नमस्कार. डाव्या हातानं घ्या, उजवा तुमचा भाजला हाये.

तुमचा भाऊ, माहा नवरा मेल्यावर बार्शीटाकळीच्या म्हाताऱ्यासंगं तुमी माहा पाट ठरवला, मनून मी अकोल्याले पळाली. इथं उत्तरेकडल्या परदेशी हलवायाच्या घरी त्याच्या मायपाशी, अम्मापाशी, कचोरी शिकून रायली होती. त्यायचा चौका मंजे देवघरच. जोडे घालून कोणी सैपाकात पाय ठेवत नाई.

तुमी जोड्यासकट घुसले. "चाल, रांडमुंडे! नवरदेव वाट पाहून रायला," मनून माहे केस धरून फरफटलं, दात पाडला. अम्मा वरडली, "अरे, जूता!" तिलेबी लाथ घातली.

मी मनलं, "भासरे, कचोरी त खाऊन जा," अन् पळीभर उकळतं तूप तुमच्या हातावर फेकलं. कातडी कचोरीवानी टम्म फुगली! मंग अम्मानं लाटण्यानं तुमचा गुडघा फोडला. तूप सांडलं मनून मले बोलणी बसली, तुमच्यासाठी नाई.

हे पत्र धाडत नाई. धाडलं त जाऊबाई तुमाले वाचून दाखवतीन, त्यायले हसू येईन, अन् तुमी डाव्या हातानं त्यायलेच माराल. त्यायले तोंडी निरोप धाडला हाये: कचोरी शिकाले या, कढई मोठी हाये.

तुमच्या हातून सुटलेली,
मनकर्णा