शिक्का नसलेलं पाकीट

दि. ४ जानेवारी

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस तेव्हा मला कळतं, बाबाला काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही. किल्ल्या घासायच्या त्या मशीनने तुझे कान खाल्ले आणि आता माझी बोटं झिजतायत. म्हणून हे पत्र.

खोलीचं अजून जमलेलं नाही. लॅबमध्ये सकाळी सहाला हजर व्हायचं असतं. रक्त द्यायला रिकाम्या पोटी आलेली माणसं पावणेसहापासून रांगेत उभी असतात, आणि उपाशी माणूस किती चिडतो ते तुला वेगळं सांगायला नको. मी राहते तिथून दोन बस. पहिली वेळेवर आली की दुसरी चुकते. आतापर्यंत दोनदा उशीर झाला. साहेबांनी बोलावून सांगितलं की तिसऱ्यांदा झाला तर मार्चअखेर नोकरी पक्की होईल असं धरून चालू नका.

म्हणून हॉस्पिटलला पायी जाता येईल अशी जागा हवी, भाडं अर्ध्या पगाराच्या आत हवं आणि पहाटे पाचला एकटीने बाहेर पडताना भीती वाटू नये अशी गल्ली हवी. दलाल म्हणतो, यातल्या दोन गोष्टी माझ्याकडे मागा, तिसरी देवाकडे मागा.

नऊ जागा पाहिल्या. तू शिकवलंस तसं आधी दारं बघते, खोल्या मागून. हॉस्पिटलच्या मागची गल्ली स्वस्त आहे, पण दाराला तीन-तीन कुलपं आणि चौकटीवर जुन्या कड्यांची भोकंच भोकं. एका चौकटीला स्क्रू बसवायला लाकूडच उरलं नव्हतं. पुढच्या रस्त्यावर सगळीकडे एकेक साधं लॅच, दुपारी दारं अर्धी उघडी. तिथलं भाडं ऐकून मी जिन्यातच बसले.

आईच्या गुडघ्याचं कळव. लोभ आहेच, तो जरा लवकर लवकर टपालात टाकत जा.

तुझी,
किल्ली


दि. ११ जानेवारी, दुकानातून

चि. किल्ली हिस,
अनेक आशीर्वाद.

दलाल हुशार दिसतो, त्याला सोडू नकोस. दारं बघतेस ते बरं करतेस, पण किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडेही बघ. दारुड्याचे ओरखडे भोकाच्या खाली असतात, चोराचे भोकाच्या आत. दोघांत निवडायची वेळ आली तर दारुडा परवडला. तो निदान स्वतःच्याच घरात शिरायला बघत असतो.

तुझ्या आईचा गुडघा ठीक आहे, तोंडही ठीक आहे. दोन्ही दिवसभर चालू असतात. तिचं म्हणणं, पोरीला सांगा जागा लहान असली तरी चालेल पण नोकरी सांभाळ. माझंही तेच. आपल्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी तू पहिली. तिसरा उशीर होऊ देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा बाबा


दि. २६ जानेवारी

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

जागा मिळाली. हॉस्पिटलपासून सात मिनिटं, मी घड्याळ लावून तीनदा चालून बघितलं. तिसरा मजला, एक खोली, ओटा, मागे हातरुमालाएवढी गॅलरी. मालकीणबाई तळमजल्यावर एकट्या राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. भाडं कमी, कारण त्यांना पैशापेक्षा माणूस पारखून हवा असतो. वहीत सगळं लिहून घेतात, वडील काय करतात, घरी कोण कोण, कितीला झोपता. माझ्या आधी एक मुलगी बसली होती. तिने सांगितलं, वडील ट्रक चालवतात. तिचं झाल्यावर बाईंनी कळवते म्हणून वही मिटली. मग मला बोलावलं आणि तिथल्या तिथे जागा दिली.

एक काम कर. यापुढे पाकिटावर दुकानाचा शिक्का मारू नकोस. टपाल खाली बाईंकडे येतं. शिक्क्याची शाई पसरते आणि पत्ता वाचता येत नाही, दुसरं काही नाही. आणि इतक्यात यायची घाईही करू नकोस, उगाच दगदग. गॅलरीच्या दाराला नुसती कडी आहे, पण तिसऱ्या मजल्यावर कोण चढतंय.

आईला जागेचं सांग. लोभ असाच राहू दे.

तुझी,
किल्ली


दि. ३ फेब्रुवारी, दुकानातून

चि. किल्ली हिस,
अनेक आशीर्वाद.

शिक्का न मारता पाठवतोय. तेवीस वर्षं तो शिक्का मारतोय, शाईची तक्रार पहिल्यांदाच आली. टपालखात्यानेसुद्धा कधी केली नाही. असो. समजलं.

पण नुसती कडी म्हणजे काय? तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा पाइप जातो ना? मग माणूसही जातो. मी हाताने एक अडसर घडवलाय, लोखंडी, चांगला बोटभर जाड. तुझी आई तो दाराला लागेपर्यंत मला जेवणात मीठ घालणार नाही म्हणते. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो, काम करून दुपारी परत. हे पत्र तुला मिळेपर्यंत मी तिकीट काढलेलं असेल, तेव्हा नको म्हणायची तसदी घेऊ नकोस.

तुझ्यावर माया करणारा,
बाबा


दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

रविवारपासून चार कागद फाडले. हा पाचवा.

मी बाईंना सांगितलं होतं की माझे वडील बँकेत आहेत, लॉकरच्या विभागात. ट्रकवाल्याच्या मुलीला वाटेला लावलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि कुलूपवाल्याची मुलगी म्हटलं की लोक पुढे काय विचारतात ते तुला माहीत आहे. म्हणजे कुठलंही दार उघडता येत असेल, नाही का, असं हसत हसत विचारतात आणि मग आपल्या कपाटाकडे बघतात. मी मनाशी म्हटलं, लॉकर म्हणजे तरी काय, कुलूपच की. अगदीच खोटं नाही. अशी स्वतःची समजूत घातली.

तू आलास तेव्हा दार बाईंनी उघडलं. मी जिना उतरत होते. मी तोंड उघडायच्या आत तूच सांगून मोकळा झालास की मी कुलूपवाला, ताईंच्या वडिलांनी पाठवलंय. मला ताई म्हणालास. बोलायला मला तेव्हाही वेळ होता. तू पायताणं काढेपर्यंत वेळ होता, तू जिना चढेपर्यंत वेळ होता. मी बोलले नाही.

तासभर तू खपत होतास आणि बाई दारात उभ्या होत्या. मी तुला म्हटलं, अहो, तुम्ही तो भुसा जरा झाडून घ्या. जन्मात तुला कधी अहो म्हटलं नव्हतं. शेजारच्या काकू लहानपणी रागवायच्या, बापाला काय अरेतुरे करतेस म्हणून, आणि तू त्यांना सांगायचास की राहू द्या, मला तेच गोड लागतं. तू गेल्यावर बाईंनी माझं कौतुक केलं, की आजकालच्या मुली कारागिराशी इतकं अदबीने बोलत नाहीत.

चहा त्यांनीच केला. मला खुर्चीत, कपबशीतून. तुला बाहेर पायरीवर. हिचे वडील कसे आहेत हो, असं त्यांनी तुला विचारलं, तर तू म्हणालास, माणूस सरळ आहे, बडबड जरा जास्त करतो. बाई हसल्या. मीही हसले, बाबा. त्या हसल्या म्हणून हसले.

मला माझी लाज वाटते. लॅबमध्ये लोकांचा दंड धरते तेव्हाही वाटते. तू कशावरून ओळखलंस, शिक्क्यावरून ना? रागावलास का ते एकदा सरळ लिही.

लोभ मागायला आज हात उचलत नाही.

किल्ली


दि. १६ फेब्रुवारी, दुकानातून

चि. किल्ली हिस,
अनेक आशीर्वाद, नेहमीइतकेच.

हो, शिक्क्यावरून. कुलूप कुठे अडतंय ते हाताला आधी कळतं, तसंच हे. वाटलं होतं पोर दार उघडायला स्वतः येईल, मग विचारू. बाई आल्या. मला तेवढंच सुचलं.

रागावलो नाही. पण खोटं कशाला लिहू, लागलं. पायरीवरच्या चहाचं नाही. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या जिन्यात चहा पिण्यात गेलंय, आणि तो चहा चांगला होता. ते अहो लागलं. परतीच्या गाडीत पुन्हा पुन्हा तेच कानात वाजत होतं. एरवी काही ऐकू येत नाही, ते नेमकं स्पष्ट ऐकू आलं.

पण तुला हे शिकवलं कुणी? तू चौथीत असताना शाळेचा फॉर्म आला होता. वडिलांचा व्यवसाय या ओळीवर तू कुलूपवाला असं लिहिलं होतंस, अक्षरही सुरेख काढलं होतंस. मी ते खोडायला लावलं आणि व्यापार लिही म्हटलं. का, असं तू विचारलंस, तर म्हटलं, तसंच लिहितात. लाज माझी होती, मीच ती तुला नेसवली. तेव्हा आता एकटी रडत बसू नकोस. निम्मा वाटा माझा आहे. तुझ्या आईला मी सांगितलंय की बाईंनी मला आत बसवून चहा दिला. म्हणजे खोटं बोलण्यातही आपण बापलेक सारखेच.

आता एक ऐक. बाईंना काही सांगू नकोस. जागा जवळ आहे, आणि गल्ली चांगली आहे, मी येताजाता दारं बघितली. मार्च होऊन जाऊ दे, नोकरी पक्की होऊ दे. बापाचं काय, बाप कुठे पळून जातोय.

तुझा,
बाबा


दि. २३ फेब्रुवारी

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. शनिवारी लॅबमधून आल्या आल्या बाईंच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुलूपवाला माझा बाप होता, हे वाक्य तर दोनदा सांगितलं.

बाईंनी ती वही पुढ्यात घेतली आणि मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, त्या ट्रकवाल्याच्या मुलीकडे मांजर होतं आणि मांजराच्या केसांनी त्यांना धाप लागते. एवढंच होतं. वडिलांचा धंदा त्या वहीत लिहितात तो अडीअडचणीला कुणाला कळवायचं म्हणून. कुलूपवाल्याची म्हणून आली असतीस तरी आनंदाने ठेवली असती, असंही म्हणाल्या. मी वेड्यासारखी आशेने बघत राहिले.

मग त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, मी म्हातारी बाई, एकटी राहते. उद्या जिन्यात पडले आणि चार माणसं जमली, तर ही मुलगी मला ओळख देईल की नाही, असं आता मला रोज वाटत राहील. आवाज चढवला नाही, वर्गात समजावून सांगतात तसं सांगितलं. मार्चअखेर जागा सोडायची आहे. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

उशीर अजून दोनच आहेत, काळजी करू नकोस. दलालाने दुसरी जागा दाखवायचं कबूल केलंय. पायी पंचवीस मिनिटं लागतात आणि मधे रस्त्याचा एक तुकडा अंधारा आहे, पण दारं बरी आहेत म्हणतो. आता तोही दारांचंच बोलायला लागलाय. घरमालक शिंपी आहेत. येत्या रविवारी अकराला घरच्या कुणाला तरी घेऊन या, असा त्यांचा निरोप आहे.

तर बाबा, तू ये. आईला जमलं तर तिलाही आण, आणि चहाचं खरं तिला वाटेतच सांगून टाक. मी स्टेशनवर येते, मग आपण बरोबरच जाऊ. एकटी गेले तर तिथे माझ्या तोंडून काय निघेल याचा मला आता भरवसा वाटत नाही.

एक मात्र कर. दार उघडलं की माझ्याआधी बोलू नकोस. मला वेळ लागेल, तुला माझी दया येईल, तरी बोलू नकोस. कितीही वेळ लागला तरी थांब.

लोभ असावा हे दर पत्राखाली सवयीने लिहीत आले. आज मागते आहे.

तुझी,
किल्ली