छापील संसार

प्रिय सिसिलिया,

मंगळवारी, चार मार्चला सकाळी सव्वादहा वाजता आपल्या कॉलेजच्या मासिकात वाचलं, "मार्गरिट आणि वॉल्टर निवृत्तीचा आनंद घेत आहेत."

मासिकासाठी वर्गमैत्रिणींच्या बातम्या तूच जमवतेस. मी कळवलं होतं, "वॉल्टरला सोडलं. दुलुथ शहरात एकटी राहते, बोटी दुरुस्त करायला शिकते." त्यावर फोनवर म्हणालीस, "अगं, कॉलेजच्या नन सिस्टरही वाचतात हे!" वाचू देत. खोटं बोलू नये, हे त्यांनीच शिकवलं.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, फक्त संध्याकाळी जरा जास्तच शांत वाटते. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

पुढच्या अंकात माझेच शब्द छापणार की नाही, ते पंधरा मार्चच्या आत लेखी कळव. फोन नको. तू रडतेस आणि मी विरघळते.

तुझी जुळी बहीण, अजिबात न शरमलेली,
मार्गरिट