घमेल्याखालचा जलसम्राट

१४ एप्रिल २०१९
आजपासून आयुष्याला वळण.
काल मृण्मयीनं मोबाइलवर रॅप दाखवला. मृण्मयी म्हणजे नात. आमच्याकडं राहून चित्रकला शिकते, आणि संध्याकाळी गच्चीवर मित्रांबरोबर हिपहॉप करते. पाहिलं, ऐकलं, समजलं. रॅप म्हणजे भरभर बोलायचं आणि अधूनमधून हात झटकायचे. चिकलठाण्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळताना मी जन्मभर हेच केलं. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच फरक.
संकल्प: गल्लीतल्या सर्वांत लांब भिंतीवर, म्हणजे आमच्याच कंपाउंडवर, पाणी वाचवण्याचं भव्य ग्राफिटी. उद्घाटनाला माझा रॅप. धरण तळाला गेलंय, शहर मात्र चहूकडं फुगतंय. कुणीतरी पुढं यायला हवं होतं. आलो. गल्लीची जलजागृती समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिव तूर्त मीच.
भानुमतीला सांगितलं. ती म्हणाली, सचिवांना सांगा, गवार मोडायची राहिलीय.
दुपारी नळ आला, आठवड्यानं. मोटर लावली. इथं खुलासा करून ठेवतो. नळाला मोटर लावून पाणी ओढणं बेकायदा आहे, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण आमचं घर गल्लीच्या चढावर. चढ चढताना पाण्यालाही दम लागतो. आपण हात देतो, इतकंच. मोटर न्हाणीघरात उलट्या घमेल्याखाली असते, वर गोणपाट. घरोघरी मातीच्या चुली, आमच्या गल्लीत घरोघरी घमेली.
टाकी भरून थोडी वाहिली. ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीवरच उघडतो, त्यामुळं खालचा मोगरा ऐन दुष्काळात टवटवीत. लोक विचारतात. मी म्हणतो, हाताचा गुण.

२० एप्रिल
रॅपरला टोपणनाव लागतं. मी 'जलसम्राट' घेतलं. मृण्मयी म्हणाली, आजोबा, जरा साधं घ्या ना. साधंच घेतलंय. आधी 'जलचक्रवर्ती' होतं.
गच्चीवर तालीम. तिचा मित्र सत्यम तोंडानं ढोल वाजवतो, त्याला बीटबॉक्स म्हणतात. शेजारी बसलं की चष्मा पुसावा लागतो. माझी रचना:
थेंब थेंब वाचवा, यो,
तोटी बंद ठेवा, यो,
पाणी म्हणजे जीवन, यो,
जपून जपून लावा, यो.
मृण्मयी म्हणाली, यो सोडलं तर हे आमच्या शाळेच्या भिंतीवर होतं. म्हणजे परंपरा आहे. शिवाय म्हणाली, यो बीटवर येत नाही. मी ऐकलं नीट. यो वेळेवर येतो, बीट उशिरा येतो. सत्यम लहान आहे, शिकेल.
खालून भानुमतीनं विचारलं, ढेकर अडकलाय का, ओवा पाठवू?

२८ एप्रिल
नळाचा दिवस. चित्र काढायचं तर भिंत स्वच्छ हवी. पाइप लावून धुतली. धूळ फार, म्हणून पुन्हा धुतली.
आवडाबाई आल्या. गल्लीच्या उताराला शेवटचं घर त्यांचं. काखेत घागर. म्हणाल्या, अण्णा, माझ्या नळाला नुसती हवा फुसफुसतीया. तुमच्या भिंतीला मातूर दोनदा आंघोळ. लई नशिबाची भिंत हाय.
मी समजावलं की ही आंघोळ नाही, ही जनजागृती आहे. त्या म्हणाल्या, व्हय व्हय, भिंत झाली असंल जागी.
अडाणी बाई, पण मनाला लावून घेत नाही. एक घागर भरून दिली. मी देणाऱ्यांतला माणूस आहे. घागर उचलताना पाठीत चमक भरली, तेही दानातच धरावं.

६ मे
ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधते.
मृण्मयीनं कार्यक्रमाचा आराखडा सांगितला. माझा मुख्य कार्यक्रम आहेच, त्याआधी तिचं एक छोटं. नाव 'शेवटचा नळ'. कल्पना अशी: त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटरी बंद. आवडाबाईंच्या नळाशी माइक. मोटरी बंद राहिल्या तर पाणी आपोआप उतारानं त्यांच्यापर्यंत पोचेल, घागरीत पडेल, आणि त्या पडण्याच्या आवाजावर ती रॅप करणार. तोच बीट. सत्यम फक्त साथीला.
म्हणाली, आजोबा, एकानं जरी मोटर लावली ना, तरी नळ मुका राहील. आवडाबाईंना मी शब्द दिलाय, इतक्या वर्षांत एकदा तरी नळाखाली घागर भरून दाखवीन म्हणून.
मी म्हणालो, माझाही शब्द घे. छातीवर हात मारून दिला. खोकला आला.
पर्यावरण दिन पाच जूनला, पण ईदही त्याच सुमारास, निम्मे कलाकार शिरखुर्म्याला जाणार. शिवाय आमच्या पाण्याची पाळी दोन तारखेला. म्हणून २ जून, रविवार, संध्याकाळ.

१२ मे
रंग. मृण्मयीला बाहेरच्या भिंतीचा महागडा रंग हवा होता. माळ्यावर दिवाळीचं डिस्टेंपर पडून होतं, ते काढलं. सत्यमनं डबा वाचला आणि म्हणाला, आजोबा, हे आतल्या खोलीचं. पाण्यानं उतरतं.
मी विचारलं, बाळा, पाणी आहे कुठं?
त्यानं डबा खाली ठेवला. स्टोअरवाल्याशी मटेरियलवर वाद घालू नये.

१९ मे
घरोघरी फिरून शपथा घेतल्या: दोन जूनला मोटर लावणार नाही. समोरचे साहेबराव आधी नडले. फुलंब्रीला शेती, इथं तीन मजले, आणि जिभेला हाड नाही. म्हणाले, व्यंकटराव, आधी तुमचं घमेलं उचला, मग आमच्याकडं वाका.
मी म्हणालो, घमेल्याखाली सुरण ठेवलाय.
ते म्हणाले, मग तुमचा सुरण लई गुणगुणतो राव, आमच्या खाटंपर्यंत ऐकू येतो.
शेवटी त्यांनीही शब्द दिला, पण माझ्याकडं बघून नाही. मृण्मयीकडं बघून म्हणाले, पोरी, तुझ्यासाठी. माणूस कोत्या मनाचा.

२६ मे
चित्र पूर्ण. उताराची गल्ली, घागरींची रांग, टोकाला एक नळ. वरच्या कोपऱ्यात मी, हातात कलश. मृण्मयी 'नको' म्हणत होती. मी फक्त छातीपर्यंतच काढ म्हणालो, तेव्हा कबूल झाली. मिशी मी स्वतः थोडी दाट केली.
येणारे-जाणारे थांबतात. एक जण म्हणाला, कोण वारलं?

२ जून, दुपार
आज. कुर्ता, वरून मृण्मयीची उलटी टोपी. भानुमतीनं पाहिलं आणि देवघरात गेली. बहुधा माझ्या यशासाठी.
काळजी एकच. आज मोटर नाही, म्हणजे टाकी रिकामी. उद्या पुण्याहून मुलगा-सून येणार. पण शब्द म्हणजे शब्द. घमेल्याकडं पाठ करून बसलोय.

२ जून, कार्यक्रमानंतर
घडलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे माझी बाजू राहील.
गल्ली तुडुंब. पाच वाजता पाणी सुटलं. शब्दाला जागून सगळ्यांच्या मोटरी बंद. लाउडस्पीकरमधून आधी फुसफुस, मग टप, मग टपटप, मग घागरीत धार. आवडाबाई माइकमध्ये ओरडल्या, आली गं माय, आली! लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या धारेवर मृण्मयी उभी राहिली आणि बोलू लागली. खरं सांगायचं तर चांगलं बोलली. साहेबरावांनी डोळे पुसले. धूळ असेल.
तिच्यानंतर मी. घसा कोरडा पडला म्हणून दोन मिनिटं घरात गेलो. तिथं घात झाला. न्हाणीघराचा नळ सहज सोडला, तर काय दाब! बाकी सगळ्यांनी मोटरी बंद ठेवल्यावर दाब असा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. अशी संधी वर्षात एकदा. विचार केला: मृण्मयीचं गाणं आता संपलंच. उद्या पोरं येणार. दहा मिनिटांनी काय होतं? घमेलं उचललं. बटण दाबलं.
स्टेजवर गेलो. सुरुवात दमदार. दुसऱ्या कडव्याला स्पीकरमधली धार बारीक झाली, मग थेंब, मग फुसफुस. मला वाटलं यंत्रात बिघाड. थांबलो नाही. उलट बरं वाटलं, बीट मधे येत नव्हता. 'तोटी बंद ठेवा, यो' इथं लोक हसायला लागले. मी हात आणखी झटकले. लोक आणखी हसले. यालाच प्रतिसाद म्हणतात असं समजून मी ते कडवं पुन्हा घेतलं.
मग दिसलं की कुणी माझ्याकडं बघतच नाही. सगळे भिंतीकडं. वळलो. आमची टाकी भरून वाहत होती. ओव्हरफ्लोचं पाणी थेट चित्रावर. आधी माझी मिशी ओघळली, मग नाक, मग कलश. खाली रांगेतल्या घागरींवरून निळे-पांढरे ओहोळ मोगऱ्यात. आणि आमच्या न्हाणीघरातून मोटरीचा तो आवाज. गल्लीभर.
साहेबराव म्हणाले, सुरण शिजला.
मृण्मयी घरात गेली. गुणगुण थांबली. थोड्या वेळानं स्पीकरमधून पुन्हा टप, टपटप, धार. माइक अजून आवडाबाईंच्या नळाशीच होता. सगळी गल्ली ती धार ऐकत उभी. मी स्टेजवर, टोपी उलटी.
दोष डिस्टेंपरचा. चांगल्या कंपनीचं नव्हतं.

५ जून
मोबाइलवर व्हिडिओ फिरतोय. लाखभर लोकांनी पाहिला म्हणे. प्रसिद्धी ही प्रसिद्धीच.
दुपारी महापालिकेचं पथक आलं, व्हिडिओ पाहूनच. गल्लीतल्या सगळ्या मोटरी उचलल्या. मानाप्रमाणं सुरुवात अध्यक्षांपासून. घमेलं मात्र परत दिलं. साहेबरावांची मोटर गेली तेव्हा ते मला म्हणाले, तुमच्यामुळं गेली, पण मजा आली. हा मनुष्य मला अजून कळलेला नाही.
मुलगा-सून येऊन गेले. टाकी भरलेली होती. आंघोळीला पाणी घेताना कुणी माझ्याकडं पाहिलं नाही.
मृण्मयी जेवते, उठते, जाते. विचारलं, ताई, आमटी कशी झालीय? तिनं भानुमतीला सांगितलं, छान झालीय.
संकल्प: उद्या तिच्याशी बोलायचं.

६ जून
उद्या.

९ जून
नळाचा दिवस. घमेलं नळाखाली सुलटं ठेवून शेजारी बसलो. नळाला दोऱ्याएवढी धार. मग तीही गेली. बसूनच राहिलो. पाण्याला खरंच चढ चढवत नाही. निदान ते तरी मी खरं लिहिलं होतं. बाहेर मोगरा माना टाकून. हाताचा गुण.
भानुमतीनं घागर पुढं ठेवली. म्हणाली, उताराला पाणी आहे. जा.
गेलो. साहेबराव ओट्यावर होते. मला बघून त्यांनी हात हवेत झटकला.
आवडाबाईंच्या दारात नळ धो धो. त्यांच्या भिंतीशी शिडी. वर मृण्मयी, बाहेरच्या रंगाचा डबा घेऊन तेच चित्र पुन्हा काढतेय. उताराची गल्ली, रांग, नळ. वरचा कोपरा कोरा. खाली सत्यम शिडी धरून. त्यानं मान खाली घातली.
आवडाबाई म्हणाल्या, या अण्णा. पाणी लई हाय, आडकाठी नाय. पर आधी यो म्हणा.
इकडं तिकडं पाहिलं. म्हणालो.
शिडीवरून आवाज आला. मागं वळून न बघता. आठवड्यात तिचा माझ्याशी पहिला शब्द.
आजोबा, ऑफ-बीट.
मी घागरीतल्या धारेकडं कान दिला. पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, उशिरा. पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, आता घाई. घागर गळ्याशी येईपर्यंत म्हणत होतो. एकदाही जमलं नाही.
आवडाबाईंनी तोटी बंद केली आणि म्हणाल्या, पुढल्या पाळीला या परत. दुसरी घागर घेऊन.
चढ फार आहे. पूर्वी कधी जाणवला नव्हता.
आज संकल्प नाही. खांदा धरलाय.